डबा पोचता केला

नाशिक रोड,
रविवार, सकाळ

चि. अमेय,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कपाटातला तो कटान खेळाचा डबा काल तुमच्या खेळांच्या क्लबवर पोचता केला. देण्याआधी मोजून घेतला. पुठ्ठ्याचे षटकोन 19, मालाची पत्ती 95, ती दुसरी पत्ती 25, चारही रंगांची घरं, सगळं बरोबर. फक्त निळ्या रस्त्याच्या काड्या 15 हव्यात, त्या 14 भरल्या. तू हसशील. पण नोट प्रेसच्या तपासणीत जन्म काढलेल्या माणसाला मोजल्याशिवाय वस्तू हातातून सोडवत नाही. तुझ्या सामानात गेली असेल तर बघ.

एक गोष्ट विचारायची नाही असं ठरवून लिहायला बसलोय. आईनेही बजावलंय.

डबा देऊन लगेच फिरणार होतो. बिटकोवरून शालिमारची बस धरली, ती द्वारका चौकात नेहमीसारखी अडकली, शालिमारहून रिक्षा, असं करत कॉलेज रोडला पोचेपर्यंत सात वाजले. जिन्यात चपलांचा ढीग. आत पाच-सहा टेबलं, आणि आरडाओरडा असा की मला वाटलं भांडण लागलंय. कुणी लाकूड मागतंय, कुणी गहू. एकाच्याही हातात मोबाइल नाही. एका टेबलावर तिघंच होते. तुझा तो जाड चष्म्याचा मित्र उठून आला, म्हणाला, काका, चौथा भिडू हवाय, बसा ना. बसलो. दिवाळीत ज्याला मी पोरखेळ म्हटलं, तोच.

ते तुला म्हणायला नको होतं. त्यावर पुढे येतो.

खेळ समजायला वेळ लागला नाही. दोन फाशांच्या 36 जोड्यांत सात सहा वेळा येतात, सहा आणि आठ पाच-पाच वेळा, म्हणून हे दोन आकडे लाल छापलेत. हे कुणी सांगायच्या आधी मी ओळखलं, तर टेबलावर टाळ्या पडल्या. आईला सांगितलं तर तिने विचारलं, जिंकलात का? जिंकलो नाही. दहा गुण लागतात, माझे चार झाले. मी माल साठवत बसलो. रस्ता बांधायला वीट नव्हती, तर चार मेंढ्या बँकेत भरून एक वीट घेतली. शेजारची मुलगी म्हणाली, "काका, माझ्याकडे विटा पडल्यात, एका मेंढीला दिली असती. तुम्ही कुणाकडे काही मागतच नाही." पुढच्याच फाशाला सात पडले. हातात सातांहून जास्त पत्ती असली की निम्मी जातात. माझ्याकडे नऊ होती, चार गेली.

त्या गडबडीतच तुझा मित्र सहज म्हणाला, "अमेयचं नवीन कुठे जमलं का हो? ऑगस्टपासून बसून आहे ना तो."

मी म्हटलं, हो हो, चाललंय. आणि त्यानंतर काय खेळलो ते मला आठवत नाही.

ऑगस्ट म्हणजे गणपतीच्या आधी. म्हणजे गणपतीत आलास तेव्हा नोकरी नव्हती. मग आईला तो मिक्सर कशातून आणलास? बंगलोरचं भाडं कशातून देतोस? हे बघ, विचारायचं नाही म्हणता म्हणता विचारलंच. राहू दे, उत्तर देऊ नकोस.

मित्राने आणखी एक सांगितलं. हा खेळ क्लाउस टॉयबर नावाच्या जर्मन माणसाने काढला, तो दातांच्या कवळ्या, टोप्या बनवायचा. खेळ 1995 साली आला, तिकडचा मोठा मान मिळाला, तरी त्याने दातांचं काम लगेच सोडलं नाही. रात्री मी हेच घोकत होतो की अमेयला लिहावं, बघ, हातातलं टिकवून माणूस पुढचं करतो, तुम्हा लोकांना धीर नाही, आमच्या वेळी... आणि मग लक्षात आलं की तू कुठे सोडलंस? तुला काढलं. वरचं सगळं खोडणार होतो, पण दुसरा कागद घ्यायचा कंटाळा आला. माफ कर.

नेहरूनगरच्या क्वार्टरमध्ये तुझ्या व्यापार खेळातल्या नोटा फाटल्या होत्या, आठवतंय? दुसरीत असशील. "बाबा, प्रेसमधून आणा ना." मी गेटवर झडती देऊन बाहेर पडणारा माणूस. मग जुन्या डायरीची पानं कापून आपण नोटा काढल्या. मी प्रत्येक नोटेला क्रमांक घालायला लावला, आणि तू काढलेल्या अकरा नोटा बाजूला काढल्या, का तर शंभराचं एक शून्य चौकटीबाहेर. तू रडलास. माईने मला झापलं, तुला मांडीवर घेऊन चिंचोके काढले आणि अष्टाचम्मा मांडला. त्या अकरा नोटा चालवून घेतल्या असत्या तर काय बिघडलं असतं?

आणि नोटबंदीचं ते वर्ष. 2016 चा नोव्हेंबर, मला रविवारची सुट्टी नाही, आणि तू बारावीचा अभ्यास सोडून माईच्या पाचशेच्या सहा नोटा घेऊन बँकेच्या रांगेत चार तास. रात्री मला म्हणालास, "बाबा, तुम्ही तिकडे छापताय आणि आपल्याकडे दुधाला सुटे नाहीत." मी हसलो होतो. पण तू कुणाकडे उसने मागितले नाहीस, शेजारच्या तांबोळींकडेही नाही, याचं मला कौतुक वाटलं होतं. चारचौघांत सांगायचो. आता वाटतं, ते कौतुक जरा कमी केलं असतं तर बरं झालं असतं.

दिवाळीत म्हणालो, सत्ताविसाव्या वर्षी सोंगट्या काय खेळतोस, पगाराकडे बघ. तू ताटावरून उठलास. तेव्हा पगारच नव्हता, आणि तू सांगितलं नाहीस. तू कुणावर गेलास ते आईला विचार, ती दोन वाक्यांत सांगेल.

मामांना काही कळवलेलं नाही. आईला मी रात्रीच सांगितलं, तर तिला दसऱ्यापासूनच संशय होता म्हणे. या घरात मीच शेवटचा.

जेवणाचं बघ. चहावर दिवस काढू नकोस. खोली परवडत नसेल तर

ते वाक्य अर्धंच राहू दे.

तुझा,
बाबा

ता. क. काडी सापडली. माईच्या चिंचोक्यांच्या डबीत होती, तूच ठेवली असशील. पुढच्या शनिवारी नेऊन देतो, त्यांना चौथा भिडू लागतोच. तुझ्या खात्यात काल वीस हजार टाकलेत. परत पाठवलेस तर बँकेच्या भावाने घेईन, चाराला एक.