उद्यमबागेतल्या टर्नर मामांना

मामा, सप्रेम नमस्कार.

अॅम्बेसेडर गाडी बनणं २०१४ साली थांबलं, पद्मिनीचं तर त्याच्याही कितीतरी आधी. ब्रेकचं रबर किट अजून मिळतं, पण व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातला ऑइलच्या दाबानं ब्रेक लावणारा भाग, चांगला मिळेलच याचा भरवसा नाही. त्यात आपल्याकडचा पावसाळा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, गाडी उभी राहिली की सिलिंडरच्या बिडाला गंजून खड्डे पडतात. असे टाकाऊ ठरलेले सिलिंडर आत स्लीव्ह, म्हणजे नवी पातळ नळी, घालून तुम्ही पुन्हा उभे केलेत, म्हणून हे आभाराचं पत्र.

बोअर (आतलं भोक) मोठा करून पुढच्या मापाचा कप (पिस्टनचं रबर) घाला, चालतंय की, असं तुम्ही कुणालाही सांगितलं नाहीत. पाऊण इंचाचा बोअर १३/१६ इंचावर नेला तर क्षेत्रफळ आणि त्याबरोबर ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरचा जोर १७ टक्क्यांनी वाढतो. एकाच चाकाला केलं तर गाडी एका अंगाला ओढते. मागच्या दोन्हींना केलं तर ओल्या चोर्ला घाटात मागची चाकं आधी जाम होतात आणि गाडीची शेपूट फिरते.

तुम्ही बोअर २२ मिमीपर्यंत काढता, स्टेनलेसचा स्लीव्ह बाहेरून ०.०२ मिमी जादा ठेवून दाबून बसवता. दाबल्यावर तो आतून आकसतो, म्हणून आतला माल राखून शेवटी होनिंग (बारीक घासकाम) करून बरोबर १९.०५ मिमी, म्हणजे मूळचा पाऊण इंच, करता.

खरं कसब मात्र ऑइलच्या भोकात आहे. पाइपची निमुळती बैठक न दुखवता बारीक ड्रिलनं ते स्लीव्हमधून पुन्हा पाडावं लागतं. आत जी बर (धातूची धारदार कड) उभी राहते ती कप सरकवताना त्याची कड कापते. पहिल्या दिवशी पेडल घट्ट लागतं, आठवड्यानं ड्रम ओला. तुम्ही ६०० नंबरच्या पॉलिश पेपरनं कड मोडता आणि करंगळी आत फिरवून बघितल्याशिवाय सिलिंडर हातात देत नाही. ती करंगळी आमच्या ब्रेकची हमी आहे, मामा.

आणि पुडक्यावर स्केचपेननं लिहिलेलं 'रॉकेल लावू नका'! रॉकेल, डिझेल लागलं की रबर फुगतं, पिस्टन मागं येत नाही, शू घासत राहून ड्रम तापतो. आता आमच्याकडं सिलिंडर स्पिरिटनंच धुतात आणि रबर ग्रीसच लावतात.

पुढच्या आठवड्यात अॅम्बेसेडरचे मागचे दोन सिलिंडर पाठवतोय. ब्लीडर निपल (हवा काढायचा स्क्रू) सोडवून, डावा-उजवा खूण करून.

आपले,
जुन्या गाड्यांवाले, बेळगाव-खानापूर