माळ्यावरचं चाक

सातारा
१७ ऑगस्ट, रविवार

प्रिय सुध्या,

काकांचं तेरावं झालं त्या संध्याकाळी मी तुला म्हणालो होतो, दर पंधरवड्याला लिहीन. पाच महिने झाले आणि एक ओळ गेली नाही. कामाचं कारण सांगत नाही, कारण ते खरं नाही. लिहायला बसलो की काकांविषयी काय लिहावं ते सुचेना, आणि ते सोडून दुसरं लिहिणं बरं दिसेना. आज लिहितोय, कारण काल तुमच्या सदर बझारच्या घराचा माळा रिकामा केला आणि पितळी बंबाच्या मागे आपलं चाक सापडलं.

हो, तेच. बाहेरची रिम नाही, मधला हब नाही, मागच्या चाकाला झाकण म्हणून लावायच्या नुसत्या दोन तबकड्या. काकांच्या दवाखान्यातल्या जुन्या एक्स-रे फिल्म, काकूंच्या मशीनवर एकमेकींना शिवलेल्या, कडेला स्पोकला बांधायची भोकं. काकूंची टीप अजून एका ठिकाणीही उसवलेली नाही. खिडकीशी नेऊन उजेडात धरली, तर मावशीच्या फासळ्या लख्ख दिसल्या. तिथेच धुळीत बसलो आणि एकटाच मोठ्यानं हसलो. गणपत हमाल दारात येऊन बघून गेला. राजवाड्यावरून तू चाक फिरवत निघालास की ते पानपट्टीवाले काय म्हणायचे, आठवतं? ‘डॉक्टरांचं पोरगं पेशंट घेऊन निघालं.’

माझी तब्येत बरी आहे. शुगर काठावर, गोळी एकच. आईचा गुडघा तसाच.

आता मुख्य गोष्ट, नव्या चाकांची, जी दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. वैशालीला सांगितली तर ती म्हणते, घेऊन टाका एकदाचं. आमच्या ऋतानं गोव्याच्या आयर्नमॅन ७०.३ साठी, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं अशा सलग शर्यतीसाठी, रिले टीमचं नाव घातलंय. पोहायला तिचा मामेभाऊ, १.९ किलोमीटर. पळायला ती, २१.१. मधले ९० किलोमीटर सायकल माझी. प्रवेश फी तिनं पहिल्या पगारातून भरली, मला न विचारता. दिवाळीनंतर मिरामारच्या किनाऱ्यावर ती उभी असेल आणि मी आल्याशिवाय तिला पळायला सुटता येणार नाही. मी जितका उशीर करीन तितकं तिला उन्हात पळावं लागेल. म्हणून चाकं घ्यायचीत. हातात ४०,००० रुपये आहेत, पतसंस्थेतली ठेव मोडून आणलेले. त्यावर एक रुपयाही नाही.

पुण्यातला एक मुलगा ६० मिलिमीटर खोल, म्हणजे हवा कापायला उंच कडेच्या, रिमची कार्बनची जोडी ३८,००० ला विकतोय. वापरलेली. चार दिवस वापरून बघा म्हणाला, म्हणून आणली. सुध्या, त्या चाकांचा आवाज! सपाट रस्त्यावर तीसच्या वर गेलं की घुमायला लागतात, देवळातल्या गाभाऱ्यात ओंकार घुमतो तशी. कोरेगाव रस्त्यावर सकाळी साडेपाचला मी एकटा आणि तो आवाज. त्या क्षणी मी पैसे देऊन मोकळा झालो असतो.

मग शुक्रवारी चाळकेवाडीला गेलो. ठोसेघरच्या पुढे, पवनचक्क्यांच्या पठारावर. श्रावणातला वारा तुला माहीत आहे, तुझ्या कॉलरबोनला तर जास्तच माहीत आहे. टेकाडाची आड होती तोवर ठीक होतं. आड संपली आणि डावीकडून एक झोत असा आला की पुढचं चाक कुणीतरी हातानं ओढल्यासारखं दीड-दोन हात उजवीकडे गेलं. समोरून दुधाचा टेम्पो येत होता. तो थांबला म्हणून हे पत्र. हँडल इतकं घट्ट धरलं होतं की उतरल्यावर बोटं सरळ होईनात. घरी कुणाला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

घरी येऊन नीट वाचलं, समजून घेतलं. खोल रिम बाजूच्या वाऱ्यात शिडासारखी वागते. मागच्या चाकावर वारा आदळला तर ते फ्रेममध्ये पक्कं बसलेलं असतं, सायकल जराशी ढकलली जाते, एवढंच. पुढचं चाक मात्र चिमट्यासकट फिरतं, म्हणून वारा थेट हँडल वळवतो. त्यातही जुन्या रिम आतल्या बाजूला व्ही आकाराच्या, टोकदार असायच्या. बाजूचा वारा एका मर्यादेपर्यंत त्यांना चिकटून वाहतो आणि मग एकदम सुटतो. हिसका बसतो तो तेव्हा. नव्या रिम आतून गोलसर, बोथट करतात, त्यात हा हिसका पुष्कळ कमी. त्या मुलाची जोडी जुनी आहे, व्ही आकाराची.

दुसरी गोष्ट ब्रेकची. माझ्या सायकलला डिस्क ब्रेक नाहीत, रबर रिमवरच घासतं. कार्बनच्या रिमला वेगळी रबरं लागतात, पावसात पकड उशिरा येते, आणि लांब घाट उतरताना रिम तापून ब्रेकची पट्टी फुगू शकते. यवतेश्वरचा घाट रोज उतरणाऱ्या माणसानं हे अंगावर का घ्यावं? याआधी एकानं मला नावाजलेल्या कंपनीचं स्टिकर लावलेली जोडी दाखवली होती. चाकं बांधणाऱ्या आप्पांनी रिमवर रुपयाचं नाणं वाजवत फिरवलं, वॉल्व्हपाशी आवाज बद्द आला. पट्टी धरून बघितली तर तिथे फुगवटा. स्टिकर नखानं निघालं. ही दुसरी जोडी मात्र खणखणीत वाजते, त्या मुलाबद्दल काही वाईट म्हणायचं नाही.

नवी ५० मिलिमीटरची चिनी जोडी मागवली तर कस्टम धरून साठ हजारांच्या पुढे जाते. तो विषय संपला. शिवाय पुढेमागे डिस्क ब्रेकची सायकल घेतली, तर रिम ब्रेकची चाकं कुणाला विकणार?

आता आकडे बघ, तुझ्यासाठी खास मांडलेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनानं. कंपन्या त्यांचे आकडे बहुतेक ताशी ४५ किलोमीटरला देतात. समज कुणी म्हणालं आमच्या चाकांनी ४५ ला २० वॅट वाचतात. माझा वेग ३२. बत्तीस भागिले पंचेचाळीस, त्याचा घन करून बघ. वीसातले सातच उरतात. मी साधारण १७० वॅटनं चालवतो, म्हणजे चार टक्के. वेगात ते दीड टक्क्याच्या आतच दिसतं. नव्वद किलोमीटरला दोन-सव्वादोन मिनिटं. थोडी नाहीत! ऋतासाठी ती मला हवीत. पण अडतीस हजार आणि ते चाळकेवाडीचं पठार यांच्यासमोर ठेवून बघितली पाहिजेत.

आणि वजनाचं तुझं भांडण आता मिटवतोच. सुपनेकरांच्या किराणा दुकानात तराजूवर चाक ठेवून तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास, ‘दिप्या, ह्या फासळ्यांनी चाक जड केलं, घाटात तू मरणार.’ आता हिशेब कर. मी आणि सायकल मिळून ८५ किलो. चाकात २०० ग्रॅम वाढले तर चढावर पाव टक्कासुद्धा फरक पडत नाही. अर्ध्या तासाच्या घाटाला चार सेकंद. छत्तीस वर्षं मी या चार सेकंदांवरून तुझी बोलणी खाल्ली.

ही बोलणी ज्या दिवसापासून सुरू झाली तो जुलै आठवतो का? १९८९. पेपरात टूर द फ्रान्सचा तो फोटो. शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत साडेचोवीस किलोमीटर, ग्रेग लेमाँड ५० सेकंद मागे, आणि लॉराँ फिन्यॉनला सगळ्या टूरमध्ये ८ सेकंदांनी हरवलं. आपण दोघांनी तो फोटो कापून फिजिक्सच्या जर्नलला चिकटवला. तू त्याच्या हँडलकडे बघत होतास, मी मागच्या भरीव चाकाकडे. मग काकांकडे गेलो. जेवताना त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, चाकाचा माथा सायकलच्या दुप्पट वेगानं पुढे जातो, तिथे छत्तीस तारा हवा कापतात, झाकलं तर फायदा व्हायलाच हवा. मी आजही कुणाला समजावताना हेच वाक्य वापरतो. ३२ नं जाताना माथा ६४ नं जातो, म्हटलं की पोरांचे डोळे मोठे होतात.

आता मला तुझी माफी मागायचीय. जिल्ह्याच्या शर्यतीत सुरुवातीच्या रेषेवर पंचांनी ते झाकण काढायला लावलं, तेव्हा मी सरळ तुझ्यावर आळ घेतला. तूच जाऊन सांगितलंस, तुला मी पुढे गेलेला नको होता, असं म्हणालो. त्यानंतर दोन महिने आपण बोललो नव्हतो. गेल्या आठवड्यात नियम वाचला. मुळातच भरीव बनवलेलं चाक चालतं, पण हवा कापायला वरून जोडलेलं आवरण सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शर्यतीत चालत नाही. पंच बरोबर होते. त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती. तू तेव्हा शपथेवर सांगत होतास आणि मी ऐकलं नाही. चुकलो, सुध्या.

आयर्नमॅनसारख्या ट्रायथलॉनमध्ये मात्र मागच्या चाकाला झाकण चालतं. फक्त हवाई बेटांवरच्या कोना गावच्या आयर्नमॅनला वाऱ्यामुळे भरीव चाकांवर बंदी असायची. गोव्याच्या आयोजकांना मेल करून लेखी विचारलंय, उत्तर यायचंय.

म्हणजे माझ्या मनात काय आहे ते तुला कळलं असेल. पुढे ३० मिलिमीटरची अॅल्युमिनियमची रिम, चोवीस चपटे स्पोक, आप्पांच्या हातचं चाक. आप्पांची अट एकच. स्पोक मानेत वाकवलेले, नेहमीच्या जातीचे हवेत आणि निपल, म्हणजे स्पोक ताणायच्या चकत्या, बाहेरून फिरणारे. सरळ मानेचा स्पोक साताऱ्यात मिळत नाही. आणि निपल रिमच्या आत असले तर चाकाचा नुसता आउट, म्हणजे डगमग, काढायला टायर-ट्यूब सगळं उतरवावं लागतं. चपटा स्पोक ताणताना पिळला जातो, त्याला धरायचा चिमटा त्यांनी स्वतः कानशीनं घासून बनवलाय. एकोणसत्तर वर्षं वय आहे त्यांचं. चाकाची रुंदी मी ठरवली आहे. रिम टायरपेक्षा निदान पाच टक्के रुंद हवी, नाहीतर हवा टायरवरून रिमवर नीट येत नाही. २५ मिलिमीटरच्या टायरला सव्वासव्वीस लागते, मी २७ ची बघितलीय. हे सगळं पंधरा-सोळा हजारांत बसतं. बारा हजारांत चांगले रेसिंगचे टायर आणि हलक्या ट्यूब. माझे आत्ताचे तारेचे टायर इतके जड चालतात की नुसते बदलले तरी दोन्ही मिळून दहा-पंधरा वॅट सुटतील. रुपयामागे इतका फायदा कुठलंच चाक देत नाही. आणि मागच्या चाकाला झाकण.

झाकण परदेशातून मागवायचं म्हटलं तर पुन्हा दहा हजार. पोवई नाक्यावरच्या बोर्ड बनवणाऱ्याकडे पातळ पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचा पत्रा आहे, तो बाराशेला कापून देतोय. माप कुठून आणायचं हा प्रश्न होता, आणि काल माळ्यावर माप सापडलं.

आधी मला वाटलं दोन्ही तबकड्यांना मधून तडा गेलाय. मग बघितलं तर रेघ अगदी सरळ, मध्यापासून कडेपर्यंत. ती काकांनी स्काल्पेलनं दिलेली चीर आहे. आठवलं? सपाट तबकडी चाकावर बसेना, कारण हबपाशी स्पोक फुगलेले. काका म्हणाले, एक चीर दे आणि कडा एकमेकींवर सरकव, शंकू होईल. फ्रीव्हीलच्या, म्हणजे चेनच्या बाजूला थोडी सरकवायची, डावीकडे जास्त. त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा अजून आहेत, ‘डा’ आणि ‘उ’. तेव्हाची आपली रिम २७ इंची, टायर बसतो ती बैठक ६३० मिलिमीटर. आताची ६२२. म्हणजे कडेनं चार मिलिमीटर काढायचे, हब वेगळा म्हणून मधलं भोक नव्यानं आखायचं. वॉल्व्हसाठी काडेपेटीएवढी खिडकीसुद्धा त्यांनी आखून दिलेली आहे.

तरी मन पूर्ण लागत नाही. त्या साठच्या चाकांचा आवाज कानातून जात नाही. तू नेदरलँड्सला इतकी वर्षं वाऱ्यात सायकल चालवतोस. ऑस्टरस्केल्डच्या धरणावर साडेआठ किलोमीटर समोरच्या वाऱ्यात बिनगिअरच्या सायकली हाणणाऱ्या लोकांचा व्हिडिओ तूच पाठवला होतास. तूच सांग. फक्त मागचं ६० चं चाक त्या मुलाकडून घेऊ का? तो जोडी फोडायला तयार आहे, २० हजार म्हणतो. पण मग टायर राहतात. आणि मागे कार्बन, पुढे अॅल्युमिनियम म्हणजे ब्रेकची रबरं दोन तऱ्हेची, चाक बदललं की रबर बदला. मला ते झेपेल, पण घाईच्या सकाळी चूक झाली तर? त्यानं शुक्रवारपर्यंत थांबायचं कबूल केलंय. गुरुवारच्या आत फोन कर, रात्री कितीही वाजता. मी जागा असतो.

वहिनींच्या नोकरीचं कळलं, चांगलं झालं. ईशानला मराठी वाचता येत असेल तर हे पत्र त्याला वाचून दाखव, फासळ्यांचं तरी. तुझी पाठ कशी आहे? त्या डच डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम कर.

घराची चावी शुक्रवारी नव्या मालकांना देतोय. भांडी आत्याकडे पोचवली, पुस्तकं नगर वाचनालयानं घेतली, बंब मी ठेवलाय. दवाखान्याची पाटी काढून कापडात गुंडाळली आहे, ती तू डिसेंबरात आलास की ने. तबकड्यांची मापं मी आज वर्तमानपत्रावर उतरवून घेतली. एका फिल्मच्या कोपऱ्यात काकांच्या अक्षरात तारीख आहे, पांढऱ्या शाईनं, अजून वाचता येते. ती तबकडी तुला कुरिअरनं पाठवू की इथेच जपून ठेवू, ते फोनवर सांग. दुमडणार नाही, तेवढी काळजी घेईन.

तुझा,
दिप्या