ऐकत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी संस्थांवर तुमच्याकडे परवा लेख आला होता तो वाचला, सगळा काही पटला नाही. लेखात सगळं खापर स्टाफ कमी असण्यावर फोडलंय. स्टाफ कमी असतो हे खरंच आहे, मी अशाच एका संस्थेत चौदा वर्षं सिस्टर होते आणि नाइटला बावीस जण एकटीने सांभाळलेत, त्यामुळे ते मला कोणी वेगळं सांगायला नको. पण ज्या दिवशी आम्ही पुरेशा असायचो त्या दिवशी काय व्हायचं ते पण सांगते. त्या दिवशी आम्ही एकमेकींशी जास्त गप्पा मारायचो. रहिवाशांशी बोलणं होतं तेवढंच.

आणि ते तेवढंच म्हणजे तरी काय, तर ऊठ, हात वर कर, आ कर, बस इथे, तिकडे नको, झालं का. एकदा सहज म्हणून सकाळच्या ड्युटीत स्वतःकडेच लक्ष ठेवलं की मी एकेकाशी काय काय बोलते, तर दोन-चार वाक्यं सोडली तर सगळे हुकूमच निघाले. रागाने नाही हं, अगदी गोड आवाजात. पण हुकूमच. आणि आंघोळ, कपडे, औषध, भरवणं यातलं काही काम नसेल तर माणसाजवळ जायचंच नाही, म्हणजे जो शांत बसलाय त्याच्याकडे कोणी फिरकायचं नाही आणि जो आरडाओरडा करेल त्याच्याकडे दोघी पळत जायच्या. आता यातून माणूस काय शिकणार? ओरडलं की कोणीतरी येतं, हेच. आणि मग आम्ही रिपोर्टमधे लिहिणार, अटेन्शनसाठी ओरडतो. अहो मग अटेन्शन मागायचं नाही तर काय करायचं त्याने दिवसभर!

एक प्रसंग सांगते, तो माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे डाउन सिंड्रोम (गुणसूत्रातल्या फरकामुळे जन्मापासूनच असतो तो) असलेले एक गृहस्थ होते, वय एकेचाळीस, नाव सांगत नाही. आधी हाक मारली की लगेच वळून बघायचे, हसायचे. मग हळूहळू ते कमी झालं. रिपोर्ट बुकात शिफ्टमागून शिफ्ट एकच शेरा, ऐकत नाही. मी पण तोच लिहिला, माझ्या अक्षरातला आहे तो. ऐकत नाही म्हणजे हट्टी झालाय, आता जरा कडक वागायला पाहिजे असं आमचं ठरून गेलं होतं आणि आवाज चढत गेला, हात धरून ओढणं वाढलं, मग त्यांनी ढकलायला सुरुवात केली, मग मारका असा शिक्का बसला. काही महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी डॉक्टरांनी कान बघितले तर दोन्ही कान मळाने गच्च भरलेले, आणि मळ काढून तपासणी केली तर एका कानाने जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं. म्हणजे आमचा शेरा अक्षर न अक्षर खरा होता, ऐकतच नव्हते बिचारे!

डाउन सिंड्रोममधे निम्म्याहून जास्त जणांना कधी ना कधी ऐकण्याची अडचण येते, ही काही गुप्त माहिती नाहीये, आम्हाला शिकवलेलं होतं. तरी सुचलं नाही. कारण समोरचा मतिमंद (तेव्हा सर्रास हाच शब्द वापरायचो) असला की त्याची प्रत्येक गोष्ट त्या एका खात्यात टाकायची सवय लागते. डोकं आपटतोय, हा त्याचा स्वभाव. खात नाही, नखरे. रात्री झोपत नाही, गोळी वाढवा. मग कळतं की दाढ किडली होती, कान फुटला होता, नाहीतर चार दिवस पोट साफ नव्हतं. ज्याला दुखतंय हे शब्दात सांगता येत नाही तो वागण्यातूनच सांगणार ना. आणि बद्धकोष्ठतेसारखी साधी वाटणारी गोष्ट या लोकांमधे जिवावर बेतू शकते, त्यामुळे हे प्रकरण नुसतं प्रेमाने बोला वगैरे इतकं मऊ नाहीये.

हाक मारण्याबद्दल पण बोलायचंय. आमच्याकडे सगळे मुलं. पन्नाशीचा माणूस, केस पिकलेले, तरी आमची मुलं. अरे, तुरे, बाळा, सोन्या. बाहेर तिशीतल्या अनोळखी माणसाला आपण आपोआप अहो म्हणतो आणि इथे चाळीस वर्षांच्या माणसाला सोन्या, आणि वर त्याला माया म्हणायचं. मी नाही म्हणत की सगळ्यांना अहोजाहो करा, कितीतरी जणांना अरे म्हटलेलंच आवडायचं, पण विचारलं कोणी होतं का? आणि याच्याही पुढचा प्रकार म्हणजे राउंडला डॉक्टर येणार, पेशंट समोर बसलाय, आणि डॉक्टर मला विचारणार, हा झोपतो का नीट, याचं वजन किती. मी पण उत्तर देणार, झोपतो सर. तो आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघतोय. पुढे पुढे मी एक करायला लागले, डॉक्टरांनी विचारलं की तोच प्रश्न त्याच्याकडे वळवायचा, डॉक्टर विचारतायत रात्री झोप लागते का तुम्हाला. काही डॉक्टर वैतागायचे. वैतागू देत.

आता कोणी म्हणेल विचारून उपयोग काय, सगळ्यालाच हो म्हणतात. म्हणतात, खरंय. पण ते का म्हणतात हे बघा. आयुष्यभर हो म्हटलं की समोरचा खूश होतो आणि नाही म्हटलं की कटकट होते, हेच बघितलेलं असतं, मग प्रश्न कळो न कळो, हो. दोन पर्याय दिले तर बरेच जण शेवटी ऐकलेला शब्द परत म्हणतात. लाल शर्ट की निळा विचारलं, निळा म्हणाले, आपण खूश की चला निवड झाली. थोड्या वेळाने निळा की लाल विचारा, लाल म्हणतील. म्हणून दोन्ही शर्ट हातात घेऊन दाखवायचे, गप्प राहायचं आणि डोळे कुठे जातात, हात कुठे जातो ते बघायचं, मग शर्ट हातात अदलाबदल करून परत बघायचं. यात पाच मिनिटं पण जात नाहीत.

जड जातं ते गप्प राहणं. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजायचे, करून बघा. दहा म्हणजे भयंकर लांब वाटतं. तीनवर आल्यावरच जीभ वळवळते आणि आपण दुसरा प्रश्न टाकतो किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळ्या होतो, आणि समोरच्याचं उत्तर तेवढ्यात कुठे जुळत आलेलं असतं ते पण पुसलं जातं. मला हे जमायला वर्षं गेली. कान साफ झालेल्या त्या गृहस्थांना एकदा मी चांगल्या कानाच्या बाजूला बसून विचारलं, तुम्हाला माझं काय आवडत नाही? आणि मोजत बसले. सात-आठवर आले असेन, त्यांनी माझं मनगट धरलं आणि ओढून दाखवलं.

असो.

हे सगळं फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. ब्रिटनमधे कार्डिफच्या इली हॉस्पिटलमधले अशाच लोकांचे हाल बाहेर आले ते तिथल्या एका नर्सिंग असिस्टंटने वर्तमानपत्राकडे धाव घेतली म्हणून, १९६७ साली, आणि १९६९ मधे चौकशीचा अहवाल आला. २०११ मधे ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या अशाच लोकांच्या खासगी हॉस्पिटलमधला मारहाणीचा प्रकार टीव्हीवर दिसला, ११ कर्मचारी दोषी ठरले, सहा जण तुरुंगात गेले, आणि तिथल्या एका सीनियर नर्सने त्याच्या आधीच तक्रार केलेली होती पण दखल घेतली नव्हती. असं काही उघड झालं की सगळे म्हणतात किती राक्षसी माणसं. असतीलही. पण माझ्यासारख्या, ज्यांनी कधी हात उचलला नाही आणि वर्षानुवर्षं न बोलता माणसं धुतली पुसली, त्यांच्यावर चौकशी कोण लावणार? आमचं तर रेकॉर्ड स्वच्छ.

वेळ नाही हे कारण तर मला आता ऐकवतच नाही. आंघोळ, कपडे, भरवणं धरून एकेका माणसाला रोज तासभर तरी आपला हात लागतोच. त्याच तासात तोंड चालू ठेवायचंय, जास्तीचा मिनिट कोणी मागत नाहीये. आता पाणी घालते, गरम आहे का बघा, डावा हात द्या. ज्याला शब्द कळत नाहीत त्याला आवाज कळतो, वस्तू दाखवलेली कळते, टॉवेल हातात दिला की पुढे काय होणार ते कळतं. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात संवाद म्हणजे काय याची व्याख्या आहे, त्यात ब्रेल, स्पर्शाने केलेला संवाद, सोपी भाषा हे सगळं धरलेलं आहे. आमच्या रिपोर्ट बुकात मात्र शौच, लघवी, वजन, फिट, ताप एवढंच. आज काय सांगितलं याला जागाच नाही.

निवृत्त झाल्यावर तीनेक महिन्यांनी भेटायला गेले होते. नव्या सिस्टरने विचारलं, मॅडम, ते खिडकीजवळचे सारखे गालावर चापट मारून घेतात ते काय आहे हो, हात बांधायचे का? मी म्हटलं नाही नाही, ते रेडिओ लावा म्हणतायत, जोरात मारली तर मात्र दात बघा. ती म्हणाली, हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. चौदा वर्षं ते माझ्या डोक्यात होतं आणि मी ते बरोबर घेऊन घरी आले होते.

काही ठिकाणी अशा प्रत्येक माणसाची छोटी वही करतात, कम्युनिकेशन पासपोर्ट म्हणतात तिला, मला काय आवडतं, मी हो कसं म्हणतो, दुखलं तर काय करतो, आणि ती माणसाबरोबर जाते, बदली झाली, हॉस्पिटलला नेलं तरी. आमच्या संस्थेत अजून तसं काही नाही म्हणून मीच आठवेल तसं लिहायला घेतलंय. चार जणांचं झालंय, बाकीच्यांचं आठवतेय. गालावर मारणाऱ्यांचं पहिलं पान. ज्यांचा कान गेला त्यांच्या पानावर सगळ्यात वर लिहिलंय, उजव्या बाजूने बोला, मनगट धरू नका.

आपली,
एक निवृत्त सिस्टर