आधी वायरिंग, मग रंग

कोथरूड, पुणे

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

रंगासाठी पाठवलेले पैसे पोचले. रंगारी सोमवारी यायचा होता, त्याला मी थांबवलं आहे. रागावू नकोस, आधी वाच.

गुरुवारी सकाळी गिझर चालू होता आणि मी चटणी वाटायला मिक्सर लावला. दिवा एकदम मंद झाला. तसा तो दोनेक वर्षं होतोच आहे, पण या वेळी जळक्या प्लास्टिकचा वास आला. बोर्डाला हात लावला तर चटका बसला. मेन स्विच बंद करून वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडून वायर जरा वाकवली, तर वरचं आवरण पापडासारखं मोडलं. आत अॅल्युमिनियमची तार. १९८२ साली आपली सोसायटी झाली, तेव्हा तांबं महाग म्हणून अनेक घरांत हीच टाकत. अॅल्युमिनियम तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. स्क्रूखालची पकड सैल होत जाते आणि सैल जोड आणखी तापतो.

मग त्याने कटआउट, म्हणजे फ्यूजची तार बसवायची खाच, काढून दाखवला. आत तारेचे दोन पदर पिळून बसवलेले. मी खालीच बसले. तुझ्या दहावीच्या वर्षी फ्यूज सारखा उडायचा. अभ्यास बुडू नये म्हणून बाबांनी एका रात्री जाड तार घातली होती, आठवतं? त्यानंतर फ्यूज उडाला नाही आणि आपण निर्धास्त झालो. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते, हे मी वर्गात किती वर्षं शिकवलं. भिंतीतली तार जळू नये म्हणून फ्यूज आधी वितळतो. आपल्या घरात तो वितळणंच बंद झालं होतं.

तेव्हा घरात चार ट्यूब, तीन पंखे आणि फ्रिज. आता २००० वॅटचा गिझर एकटाच जवळजवळ ९ अँपिअर ओढतो, शिवाय तू बसवलेला एसी. आणखी एक, जे तुला सांगितलं नव्हतं: पावसाळ्यात बाथरूमच्या नळाला झिणझिण्या येतात. त्या भिंतीला ओल आहे आणि अर्थिंगही तुटलेलं निघालं.

वायरमन म्हणाला, एवढा बोर्ड बदलून देतो. मी नको म्हटलं. एकाच वेळी टाकलेल्या वायरी, एक वाळली तर बाकीच्या ताज्या कशा राहतील? परवानाधारक ठेकेदाराला बोलावून मेगरने, म्हणजे वायरीचं आवरण तपासायच्या यंत्राने, तपासून घेतलं. निम्म्या घराचं इन्सुलेशन गेलं आहे. सगळी वायरिंग नवी, तांब्याची करायची. दिव्यांना दीड, प्लगना अडीच, गिझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र लाइन, प्रत्येकीला एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच. अर्थिंग नव्याने, आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी लावायचीच. शॉक बसला, म्हणजे वीज अंगातून जमिनीत गळू लागली, तर ती क्षणात वीज तोडते. एमसीबीला तेवढी गळती कळत नाही.

भिंतीत खाचा पाडाव्या लागतील, म्हणून रंग नंतर. पैसे कमी पडतील, तर बैठकीच्या खोलीला यंदा रंग नको.

तुझ्या खोलीत कॉम्प्युटरचे पॉइंट कुठे हवेत, ते रविवारी फोनवर सांग. प्लास्टर झाल्यावर सांगू नकोस. तोवर गिझर बंद आहे, पाणी गॅसवर तापवते.

तुझी,
आई