जाहिरातीतल्या कीबोर्डचा गंधार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाडव्याची खरेदी जवळ आली की नवे कीबोर्ड, मिडी कंट्रोलर (संगणकाला स्वरांचे संदेश पाठवणारे कळफलक) आणि संगणकातली आभासी वाद्ये यांवरचे मजकूर पुरवण्यांतून येऊ लागतात. आपल्या पुरवणीतही तसा एक आला. कळा किती, टोन किती, ध्वनिमुद्रित आवाजांची लायब्ररी किती जीबीची आणि किंमत काय, एवढे त्यात होते. गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या आणि संगीतसंस्था देवल क्लबच्या कोल्हापुरात आणखी एक प्रश्न विचारला जायला हवा होता: याचा गंधार, म्हणजे 'ग', कुठे लागतो?

कीबोर्ड डब्यातून बाहेर येतो तेव्हा सप्तकाचे १२ सारखे भाग असतात, प्रत्येकी १०० सेंटचे (सेंट हे स्वरांतर मोजण्याचे एकक). शुद्ध गंधार त्यात ४०० सेंटवर बसतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार असतो ३८६ वर. चौदा सेंट म्हणजे कागदावर किरकोळ. पण काळी एक पट्टीतली खर्जाची (खालच्या सा-ची) तार ६९.३ हर्ट्झवर धरली तर तिच्यातला गंधार ३४६.५ ला उमटतो आणि कीबोर्डचा ३४९.२ ला. दोन्ही एकत्र वाजले की आवाज कमी-जास्त होण्याच्या सेकंदाला जवळजवळ तीन लाटा ऐकू येतात. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी (तार झणझणत राहावी म्हणून घोडीवर केलेली जुळणी) जितकी चांगली लागलेली, तितकी ही लाट ठळक. दोष मात्र वादकाच्या माथी जातो.

उपाय आता फुकटात आहे. सर्ज एक्सटी हा संगणकावर आवाज घडवणारा सिंथेसायझर मोफत आहे, तशाच व्हायटलचीही मोफत आवृत्ती मिळते आणि दोन्हींत स्वरांतरांची फाइल घालता येते. अनेक अरेंजर (साथीचे ताल-सूर आपोआप वाजवणाऱ्या) कीबोर्डांतही 'स्केल ट्यूनिंग' नावाचे पान असते. ते बहुधा कुणी उघडत नाही. बिलावलच्या स्वरांसाठी तिथे भरायचे आकडे सेंटमध्ये असे: रे अधिक ४, ग उणे १४, म उणे २, प अधिक २, ध उणे १६, नी उणे १२. कोमल गंधार हवा असेल तर तो अधिक १६.

मात्र हा तक्ता भरून निश्चिंत होऊ नये. रे-ध संवाद (दोघांत सा-प इतके नेमके अंतर) महत्त्वाचा असलेल्या रागात हाच धैवत २२ सेंट खाली पडतो. तिथे तो अधिक ६ करावा लागतो. गायक काळी एकवरून पांढरी चारवर गेला की सगळा तक्ता नव्या सा-वरून मोजावा लागतो, म्हणून 'मूळ स्वर' बदलण्याची सोय आहे का हे घेण्याआधीच पाहावे. आणि शेजारी गिटारचे कॉर्ड वाजणार असतील तर हा उद्योग करूच नये. गिटारचे पडदेही १०० सेंटच्या सारख्या स्वरांतरांवर बसवलेले असतात, तिथे उणे १४ चा गंधारच बेसूर ठरेल.

मींडेचे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याचे, दुखणे वेगळे. साध्या मिडीत स्वर वर-खाली सरकवणारे पिच व्हील फिरवले की त्या चॅनेलवरचे (संदेशांच्या एका वाटेवरचे) सगळेच स्वर सरकतात. डाव्या हाताने धरलेला षड्जही गंधाराबरोबर घसरतो. २०१८ मध्ये प्रमाणित झालेल्या एमपीई (मिडी पॉलिफोनिक एक्स्प्रेशन) पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र चॅनेल मिळतो, त्यामुळे सा जागेवर राहून एकटा गंधार आंदोलित करता येतो. या साधनांतली खरी नवलाई आम्हाला इथे दिसते. मात्र कंट्रोलर आणि आभासी वाद्य या दोन्हींतला बेंडचा पल्ला (स्वर जास्तीत जास्त किती सरकेल ते) एकच ठेवावा लागतो. एमपीईत तो सहसा ४८ अर्धस्वर असतो. वाद्यात जुनाच २ राहिला तर बोट चार कळा ओलांडून जाते आणि स्वर जेमतेम सरकतो.

जीबीचे कौतुक जरा आवरावे. कीस्केप या आभासी वाद्याची ध्वनिमुद्रित नमुन्यांची पूर्ण लायब्ररी ७७ जीबींची आहे, तर पियानोटेक हा आभासी पियानो गणिताने आवाज घडवतो, म्हणून शंभरेक एमबीत मावतो. ध्वनिमुद्रित नमुन्यांची मोठी लायब्ररी जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर ठेवली तर सस्टेन पेडल दाबून भरभर वाजवताना स्वर गळतात, कारण डिस्क वेळेत नमुने पुरवू शकत नाही. एसएसडी आणि १६ जीबी रॅम आधी, लायब्ररी नंतर.

कळ दाबल्यावर आवाज उशिरा येतो, त्याचे मूळ बफरमध्ये, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी साठवून ठेवायच्या जागेत. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० सूक्ष्म तुकडे (हेही नमुनेच) असताना १०२४ नमुन्यांचा बफर म्हणजे नुसत्या बाहेर पडण्यातच २३ मिलिसेकंद. द्रुत लयीत तबल्यामागे फरफट होते ती यामुळे. २५६ ला हेच ६ च्या आत येते. विंडोजवर त्यासाठी इंटरफेसचा (संगणकाला जोडायच्या ध्वनियंत्राचा) स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे कमी विलंबाने आवाज पाठवणारे सॉफ्टवेअर, लागते. बफर फार कमी केला की चरचर सुरू होते. तेव्हा आधी लॅपटॉपचा बॅटरी-बचत मोड आणि वायफाय बंद करून पाहावे.

तालमीच्या मांडवात वेगळेच प्रश्न. लॅपटॉपच्या हेडफोन पिनमधून निघालेली स्टिरिओ वायर मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये (दोन तारांतला फरकच ऐकणाऱ्या जोडणीत) खुपसली की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. मधोमध ठेवलेला आवाज त्यात नाहीसा होतो आणि नाद खुळा पियानो डब्यात कोंडल्यासारखा ऐकू येतो. एका स्टिरिओ पिनमधून दोन मोनो पिना निघणारी वायर घेऊन दोन चॅनेल वापरावेत. चार्जर काढल्यावर गुणगुण थांबत असेल तर ग्राउंड लिफ्ट (आवाजाच्या वायरीतली अर्थिंगची जोडणी तोडण्याचे बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये लावायचा डबा, लावावा आणि लॅपटॉप व मिक्सर एकाच बोर्डावरून चालवावेत. चार्जरची अर्थिंगची पिन मोडून गुणगुण घालवण्याची जी युक्ती सर्रास सांगितली जाते, ती ओल्या मांडवात जिवावर बेतू शकते.

टोनची संख्या आपण खुशाल छापावी. पण तिच्याशेजारी दोन ओळी वाढवाव्यात: बारा स्वर वेगवेगळे लावता येतात का, आणि एमपीई आहे का. ग्राहकालाही दुकानात एवढे करता येईल: मोबाइलवर काळी एकचा तंबोरा लावून स्पीकरला जोडावा, कीबोर्डवर ऑर्गनचा थरथर नसलेला टोन घेऊन गंधार दाबून धरावा आणि लाटा मोजाव्यात. मग विक्रेत्याला त्या थांबवून दाखवायला सांगावे.

आपले,
काही कीबोर्डवादक व ध्वनिमुद्रक, कोल्हापूर