सोयाबीनच्या बॅगेवर रोगाचे नाव छापा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ‘रोगप्रतिकारक’ म्हणून विकलेल्या सोयाबीन वाणावर पिवळा मोझॅक आल्याबाबत.

महोदय,

‘भरघोस उत्पादन देणारे, रोगप्रतिकारक’ असे छापलेले आपले सोयाबीन बियाणे मी यंदा पेरले. उगवण चांगली झाली, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण फुलोरा यायच्या आतच शेंड्याच्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे दिसू लागले. ओळीत शिरून झाड हलवले की पानांखालून पांढरी माशी भुर्रकन उडायची. आज निम्म्याहून जास्त पीक पिवळे पडले आहे. शेंगा मोजक्या, आणि सोलून पाहिल्या तर आत चपटे दाणे.

आपल्या प्रतिनिधींना फोन केला. ते म्हणाले, वाण प्रतिकारकच आहे, पण तांबेऱ्याला! मग हे बॅगेवर का नाही? तांबेरा हा बुरशीचा रोग. वेळेत फवारणी केली तर आटोक्यात ठेवता येतो. पिवळा मोझॅक विषाणूचा, आणि तो पसरवते ही पांढरी माशी. लागण झालेले झाड कोणत्याही औषधाने बरे होत नाही. रोगट झाडे उपटायची आणि माशी आवरायची, एवढेच हातात उरते. म्हणून या रोगाचा बंदोबस्त पेरणीआधी, वाण निवडतानाच करावा लागतो, आणि नेमकी तेव्हाच तुम्ही अर्धी माहिती दिलीत. तांबेऱ्याला दाद न देणारा वाण मोझॅकला बळी पडू शकतो, हे तुमच्या पैदासकारांना नक्कीच ठाऊक आहे.

सोयाबीनच्या सरळ, म्हणजे संकरित नसलेल्या, वाणाचे घरचे बियाणे राखून, उगवण तपासून पुन्हा पेरता येते. तरी विकतची बॅग घेतली ती ‘रोगप्रतिकारक’ या शब्दावर विसंबूनच.

कापणीपूर्वी वनस्पती रोगतज्ज्ञ पाठवून माझ्या प्लॉटची पाहणी करावी, बियाण्याची रक्कम परत करावी आणि घटलेल्या उत्पादनाची भरपाई द्यावी. या वाणाच्या चाचण्यांत मोझॅकचा प्रादुर्भाव किती होता आणि त्या स्थितीत उत्पादन किती मिळाले, तेही कळवावे. पुढच्या हंगामापासून प्रत्येक बॅगेवर रोगाचे नाव, वाण त्याला प्रतिकारक आहे की फक्त सहनशील (म्हणजे रोग येतो, पण उत्पादन फारसे घटत नाही), आणि पक्वतेचे दिवस स्पष्ट छापावेत. पेरणी करणाऱ्याचे सगळे वर्ष त्या माहितीवर अवलंबून असते.

बॅग, टॅग, पावती आणि त्याच लॉटचे थोडे बियाणे मी जपून ठेवले आहे. १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे, ही विनंती.

कळावे,
आपला ग्राहक,
एक सोयाबीन उत्पादक शेतकरी