माहेरच्या बाळंतपणात औषधात खंड नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एचआयव्हीबाधित आईकडून बाळाला गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा अंगावरच्या दुधातून संसर्ग होऊ शकतो. काहीच उपाय केला नाही, तर अशा १०० बाळांपैकी १५ ते ४५ बाळांना तो होतो. आईने एआरटीच्या, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या वेळेत सुरू करून नियमित घेतल्या आणि बाळालाही औषध मिळाले, तर हे प्रमाण ५ च्या खाली येते. २०१४ पासून आपल्या देशात प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला, तिच्या रक्तातल्या सीडी-४ (रोगप्रतिकारक) पेशी कितीही असोत, आयुष्यभर मोफत औषध देण्याचे धोरण आहे. तरीही काही बाळे बाधित होतात, आणि बीड जिल्ह्यात समुपदेशक म्हणून काम करताना मला त्यामागे बहुतेक वेळा एकच गोष्ट दिसली: बाई एका गावाहून दुसऱ्या गावी गेली की तिचे उपचार मागेच राहतात.

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सासरच्या तालुक्यात औषध चालू असलेली मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात माहेरी येते, तेव्हा तिच्या आजाराबद्दल तिथे कोणालाच ठाऊक नसते. एआरटी केंद्राची पुस्तिका सासरीच ठेवलेली, गोळ्यांच्या बाटलीवरचे लेबल नखाने खरवडून काढलेले, आणि आईने विचारलेच तर ‘रक्तवाढीच्या आहेत’ एवढेच उत्तर. त्या गोळ्या संपल्यावर दुसऱ्या जिल्ह्यात जायला घरात कारण सांगता येत नाही, आणि रक्तातला विषाणू दबलेला असणे जेव्हा सर्वांत गरजेचे असते, त्या प्रसूतीच्या तोंडावरच औषधात खंड पडतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे हाल याहून बिकट आहेत. दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर सांगली-कोल्हापूरकडे गेलेली गरोदर बाई गावच्या आशाताईंच्या नजरेआड होते आणि फडाजवळच्या आशाताईंच्या यादीत तिचे नावच नसते.

बाळाच्या बाबतीतही हेच घडते. जन्मल्याबरोबर सुरू केलेले प्रतिबंधक औषध त्याला किमान ६ आठवडे द्यावे लागते. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकत असल्याने तोवर प्रतिपिंडेच शोधणाऱ्या साध्या चाचणीवर विसंबता येत नाही. म्हणून सहाव्या आठवड्यात त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब विशिष्ट कागदावर घेऊन ते थेट विषाणूच शोधणाऱ्या पीसीआर तपासणीसाठी पाठवतात. नेमका हाच काळ बाळंतिणीच्या सव्वा महिन्याचा असतो, तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिले जात नाही आणि तपासणीची तारीख टळते. पहिले ६ महिने केवळ आईचेच दूध द्यायचे असते, कारण त्याबरोबर वरचे दूध, मध, गुटी असे काही दिल्यास संसर्गाचा धोका वाढतो. पण माहेरच्या आजीला हे कोण आणि कोणत्या निमित्ताने सांगणार? पुढे आई सासरी परतते, पत्ता पुन्हा बदलतो, आणि १८ महिन्यांची अंतिम चाचणी कोणाच्याच नोंदीत राहत नाही.

खासगी प्रसूतिगृहांबद्दलही लिहिले पाहिजे. कळा सुरू झालेल्या एका बाईला केवळ अहवाल पाहून दुसरीकडे पाठवल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे, आणि त्याचा संताप आजही कमी झालेला नाही. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आरोग्यसेवेतील असा भेदभाव बेकायदा ठरवला आहे. हातमोजे, निर्जंतुक साधने ही खबरदारी तर प्रत्येक प्रसूतीत घ्यावीच लागते. मग बाधित बाईला दारातून परत पाठवण्याचे कारण उरतेच कुठे?

माझी आरोग्य खात्याला विनंती अशी, की एआरटी केंद्रात पाचव्या महिन्यातच ‘बाळंतपण कुठे होणार?’ हा प्रश्न विचारून उत्तर लिहून घ्यावे. बाईच्या संमतीने माहेरच्या जवळच्या केंद्रातील समुपदेशकाशी त्याच दिवशी फोनवर बोलावे. आणि निघताना तिच्या हाती तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. बाळाची सहाव्या आठवड्याची तपासणी लसीकरणाच्या दिवशीच ठेवली, तर घरात वेगळे कारण सांगावे लागणार नाही. साखर कारखान्यांच्या हद्दीत गळीत हंगाम सुरू होताच गरोदर मजूर स्त्रियांची, त्यांच्या संमतीने व गोपनीयता राखून, तपासणी करावी आणि पतीलाही त्याच वेळी तपासणीसाठी बोलवावे, कारण तपासणीत निर्दोष ठरलेल्या बाईला नंतर गरोदरपणी किंवा बाळ अंगावर पीत असताना लागण झाली, तर बाळाला असलेला धोका फार मोठा असतो.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक, बीड